डाग हळदीचाच आहे

हळद अंगाला लावतात, पोटात घेतात, जखमेवर दाबतात. माझ्या बाबतीत ती अंगाशी आली. रविवारपासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या पांढऱ्या सदऱ्याचा फोटो फिरतो आहे. त्यावरच्या लाल डागाभोवती कुणीतरी हिरवं वर्तुळ काढलं आहे आणि खाली पाच-सहा जणांनी हात जोडले आहेत. हात कशाबद्दल जोडले ते कळायला मार्ग नाही. आमच्या ग्रुपवर वाढदिवसालाही हात जोडतात आणि पाणी गेलं तरी हात जोडतात.

प्रकरण थोडक्यात असं. माझा गुडघा दुखतो. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. आत्या म्हणाली, हळद वाढव. दोन्हींत हळद सोपी.

आता मी काही नुसती चमचाभर हळद दुधात ढवळून गप्प बसणाऱ्यांतला नाही. मी वाचलं. हळदीतला कामाचा पदार्थ म्हणजे कुर्कुमिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं. म्हणजे आपली फोडणी शास्त्रशुद्ध ठरली. पण पोटात गेलेलं कुर्कुमिन रक्तात फारसं पोचतच नाही. आतडं आणि यकृत मिळून त्याची वाटेतच विल्हेवाट लावतात. त्यावर उतारा मिऱ्यांचा. १९९८ साली एका प्रयोगात माणसांना दोन ग्रॅम कुर्कुमिनबरोबर मिऱ्यांतलं वीस मिलिग्रॅम पायपरीन दिलं, तर शोषण सुमारे २० पट वाढलं. झालं. मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. वरणात हळद-मिरी, भातात हळद-मिरी, बटाट्यात हळद-मिरी, रात्री दुधात हळद-मिरी. लेक म्हणाली, "बाबा, ताटात काय काय आहे ते बोट लावून ओळखावं लागतंय." बायको काही म्हणाली नाही. तिने तिचे पांढरे डबे तेवढे उचलून कपाटात ठेवले आणि किल्ली कमरेला लावली.

मिक्सरचं भांडं पिवळं झालं. लाकडी उलथनं पिवळं झालं. ओट्याच्या कडेची सिमेंटची फट पिवळी झाली, फ्रिजचा दांडा पिवळा झाला, माझी नखं तर अशी की भाजीवाला सुटे पैसे माझ्या तळहातावर ठेवायचा सोडून पिशवीत टाकायला लागला. गुडघा होता तसाच होता. पण मला धीर होता. औषधाला वेळ द्यावा लागतो.

रविवारी वरण घोटताना एक शिंतोडा सदऱ्यावर उडाला. मी साबणाची वडी चोळली आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक झाला. ज्यांनी आयुष्यात कधी स्वतःचे कपडे धुतले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. हळद आम्लात पिवळी राहते, साबण-चुन्यासारखा अल्कली लागला की लाल होते. शाळेच्या प्रयोगशाळेत हळदीचा कागद असतो तो याचसाठी. उपायही सोपा आहे: कुर्कुमिन उन्हात टिकत नाही. सदरा खळखळून धुवायचा, उन्हात टाकायचा, दोन-तीन उन्हांत डाग उडतो. म्हणून तो ओला सदरा हातात धरून मी गच्चीकडे निघालो. लिफ्ट बंद होती. ती का बंद असते हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लेख मी लिहिणार आहे.

जिन्यात सेक्रेटरीकाका उभे होते.

इथे सांगायला हवं, की आमच्या जिन्यात गेले काही महिने कुणीतरी पान खाऊन पिंका टाकतं आहे. कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावून झाल्या. मग तो इसम टाइल सोडून शेजारी थुंकायला लागला. म्हणजे माणूस श्रद्धाळू आहे. सेक्रेटरीकाकांनी निवृत्तीनंतर याच एका शोधाला वाहून घेतलं आहे. त्यांच्याकडे एक वही आहे. तीत तारीख, मजला, जमिनीपासून डागाची उंची, डाग ओला की वाळलेला, असे रकाने आखलेले आहेत. पट्टीने. खिशात टेप असते, हातात बॅटरी असते. दिवसासुद्धा.

त्यांनी आधी सदऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा सदऱ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता.

"धुतलात वाटतं?" ते म्हणाले.

"हो. वरण उडालं."

"लाल वरण?"

"पिवळंच होतं. साबण लावल्यावर लाल झालं."

"साबण लावल्यावर." त्यांनी वही उघडली. "म्हणजे साबणाने डाग वाढतो, असं आपलं म्हणणं."

"वाढत नाही हो, रंग बदलतो. हळद आहे ती."

"लिहून घेतो. हळद." आणि खरोखर लिहून घेतलं, शेजारी प्रश्नचिन्ह काढलं, त्याखाली दोन रेघा मारल्या. मग म्हणाले, "जरा भिंतीला टेकून उभे राहता?"

का उभा राहिलो ते विचारू नका. समोरचा माणूस टेप काढून तयार असला की आपण उभे राहतो, शाळेपासूनची सवय आहे. त्यांनी माझ्या हनुवटीपासून जमिनीपर्यंत माप घेतलं, वहीत पाहिलं आणि मान डोलावली. तिसऱ्या मजल्यावरच्या डागाशी उंची जुळत होती म्हणे. मी म्हटलं, या उंचीची इमारतीत निम्मी माणसं आहेत. ते म्हणाले, "पण त्यातली निम्मी रविवारी सकाळी लाल सदरा घेऊन जिन्यात सापडत नाहीत. तोंड उघडा."

मी तोंड उघडलं. बॅटरी आत आली.

"दात पिवळे आहेत."

"हळद-दूध घेतो मी. गुडघ्यासाठी."

"जीभही पिवळी आहे."

"तेच दूध जिभेवरूनच जातं, काका."

"म्हणजे पान खाऊन वरून हळद फासायची. वासही जातो, रंगही झाकतो." त्यांनी बॅटरी विझवली. "हुशारी आहे. मानलं पाहिजे."

एवढ्यात त्यांच्या दारातून काकू डोकावल्या. सदऱ्याकडे एकदा बघून म्हणाल्या, "अहो, हळद आहे ती. साबण लागला की लाल होते. पूर्वी घरी कुंकू कशाचं करायचे? हळदीला चुनाच लावायचे ना?"

"तू आत फोडणीकडे बघ," काका म्हणाले.

"फोडणीकडे बघते म्हणूनच सांगतेय," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या सबंध जिन्यात त्या क्षणी रसायनशास्त्र जाणणारी ती एकच अधिकारी व्यक्ती होती आणि तिची साक्ष नोंदवली गेली नाही. मी वहीत नंतर डोकावून पाहिलं. नव्हती.

मग मी घरी जाऊन लिंबू आणलं. म्हटलं, आता प्रत्यक्ष प्रमाण. जिन्यातच डागावर अर्धं लिंबू पिळलं. लाल डाग कडेपासून पिवळा होत आत गेला. पिवळाधमक. मी विजयाने काकांकडे पाहिलं.

काका बराच वेळ गप्प होते. मग हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही पुरावा नष्ट केलात."

"अहो, हाच पुरावा आहे! पानाचा डाग लिंबाने हळदीचा होतो का?"

"लालचा फोटो माझ्याकडे आहे."

"मग आता पिवळ्याचाही काढा."

"पिवळ्याचा कशाला? जिन्यात पिवळे डाग कुठे आहेत?"

मी म्हटलं, बरं, मग जिन्यातल्या डागावर लिंबू पिळू. पिवळा झाला तर मी गुन्हेगार, नाही झाला तर मला सोडा. यावर ते विचारात पडले. मला वाटलं, मुद्दा पटला. ते म्हणाले, "सोसायटीच्या मालमत्तेवर लिंबू पिळायचं तर कमिटीचा ठराव लागेल. शिवाय कोपऱ्यात पिळलेलं लिंबू दिसलं तर लोक भलतंच समजतील. आधीच तळमजल्याचा फ्लॅट विकला जात नाहीये."

दुपारी फोटो ग्रुपवर आला. लालचा.

मला राग कशाचा आला ते सांगतो. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला. आपल्या सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं, मांडलं काय, तर जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला एक लेख. १९९७मध्ये पेटंट रद्द झालं. सातासमुद्रापलीकडच्या कचेरीने आपली हळद कागद वाचून मान्य केली. आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांसमोर लिंबू पिळलं तरी ती अमान्य!

बरं, हात जोडणारे हे लोक पुराव्याचे एवढे कडक आहेत का? ग्रुपवर रोज सकाळी सहाला हळदीचा एक तरी संदेश असतो. हळदीने सांधे सुधारतात, साखर उतरते, स्मरणशक्ती वाढते, कर्करोग तर जवळ फिरकत नाही. कुणी विचारत नाही, की हे कुठे दिसलं. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका नियतकालिकात तज्ज्ञांनी कुर्कुमिनवरच्या शंभराहून अधिक चाचण्या तपासून सांगितलं, की एकही नीट आखलेली, आंधळी (म्हणजे खरी गोळी कुणाला ते देणाऱ्याघेणाऱ्याला माहीत नसलेली), खोट्या गोळीशी तुलना केलेली चाचणी यशस्वी झालेली नाही. गुडघेदुखीवर थोडा आराम पडल्याचे लहान-लहान अभ्यास आहेत, नाही असं नाही. मी त्यांच्याच भरवशावर बसलो होतो. पण ते अर्काच्या गोळ्यांचे. हळदीत कुर्कुमिन असतं शेकडा तीनच्या आसपास. त्या मिऱ्यांच्या प्रयोगातले दोन ग्रॅम घरच्या हळदीतून मिळवायचे तर दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. तेवढी खाल्ली तर गुडघ्याची तक्रार उरणार नाही, कारण पोटाची सुरू होईल. म्हणजे हळदीचे जे गुण सिद्ध व्हायचे आहेत ते सगळ्यांना तोंडपाठ आहेत आणि जो एक गुण, साबण लागला की लाल होण्याचा, घरोघरी मोरीत सिद्ध झाला आहे, तो सांगितला तर मी पिंकबहाद्दर.

आणि जे खरोखर ग्रुपवर टाकायला हवं ते कुणी टाकत नाही. बांगलादेशात हळकुंडं झळझळीत दिसावीत म्हणून त्यांना शिशाचं क्रोमेट चोळायचे; २०१९मध्ये तिथल्या सरकारला धाडी घालाव्या लागल्या. शिसं मुलांच्या मेंदूला मारतं. आपण मात्र दुकानात जास्त पिवळी कोणती ते बघून पुडी उचलतो. त्याच वर्षी इटलीत हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्यांना यकृताला सूज आल्याच्या तक्रारी एकामागून एक आल्या. वरणातल्या चिमटीने असं काही होत नाही, पण चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ 'नैसर्गिक आहे, अपाय शून्य' म्हणत ह्याच जातीच्या गोळ्यांच्या बाटल्या सोसायटीत विकतात. त्यांच्या जाहिरातीच्या फोटोभोवती हिरवं वर्तुळ कुणी काढलेलं नाही. मी ही माहिती ग्रुपवर लिहिली. खाली उत्तर आलं, "विषय भरकटवू नका. डागाचं बोला." ते उत्तर गोळ्यावाल्यांचंच होतं. त्यांना पान खाताना मी स्वतः पाहिलं आहे, पण त्यांची उंची जुळत नाही म्हणे.

काल रात्री दारावरची बेल वाजली. सेक्रेटरीकाका. वही नव्हती, बॅटरी नव्हती. आत येऊन खुर्चीवर बसताना त्यांनी गुडघ्यावर हात दाबला आणि 'आई गं' म्हणाले. मी पाणी दिलं. म्हटलं, आले माफी मागायला.

"ते हळद-दूध," ते म्हणाले, "तुम्ही रोज घेता का?"

"घेतो."

"मिरी किती घालायची?"

"चिमूटभर. काका, तो फोटो ग्रुपवरून काढणार का?"

"तो विषय कमिटीपुढे आहे, त्यात मी वैयक्तिक काही करू शकत नाही." त्यांनी खिशातून पेन काढलं. "दुधात साखर घातली तर चालते का गूळच हवा?"