लोकल आयडी चालत नाही

सकाळी सव्वासहाला कल्याणच्या एका लॉजच्या काउंटरसमोर, शेजारी उभी असलेली बाई माझी बायकोच आहे, हे मला एका बनियनवाल्या गृहस्थांना पटवून द्यावं लागलं. त्यांच्या तोंडात टूथब्रश होता. गोष्ट गेल्या शनिवारची आहे आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

डोंबिवलीत बायकोच्या मामेबहिणीचं लग्न होतं. आम्ही सांगलीचे. आजवर डोंबिवली म्हटलं की बायकोचं माहेर, विषय संपला. पण माहेर सध्या पाडलेलं आहे. बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, मेहुणा बायकापोरांसह वन आरकेत भाड्याने राहतो. तिथे आई, आम्ही दोघं आणि आमची दोन कार्टी उतरली असती तर मेहुण्याला जिन्यात झोपावं लागलं असतं. दादर-ठाण्याचे भाव बघून मी मोबाइल पालथा घातला. रेल्वेच्या विश्रामगृहाचं बघावं तर आमच्या तारखा आधीच गेलेल्या. मुंबई सेंट्रलला 2021 पासून रेल्वेचं पॉड हॉटेल आहे म्हणून आईला फोटो दाखवले. एकावर एक रचलेले ते कप्पे तिने नीट निरखले आणि म्हणाली, "मला एवढ्यात ड्रॉवरमध्ये ठेवू नका." तो विषयही संपला.

राहिलं कल्याण. महालक्ष्मी एक्सप्रेस डोंबिवलीला थांबत नाही, कल्याणला थांबते, आणि 'फॅमिली रूम, 1800 रुपये, स्टेशनपासून 5 मिनिटं' असं मोबाइलवर लिहिलेलं होतं. या पाच मिनिटांवर एकदा कोणीतरी चौकशी आयोग बसवायला हवा. ती कोणाची मिनिटं? रविवारचा मेगाब्लॉक लागल्यावर तीच पाच मिनिटं असतात का? स्टेशनचा पूल कोणत्या टोकाचा धरलाय? आईचे गुडघे धरलेत का? आम्हाला बॅगा, पोरं आणि आहेराची पैठणी सांभाळत पंचवीस मिनिटं लागली, त्यात रिक्षावाल्याने "इतक्या जवळ नाही येत" म्हणून आमची काढलेली लाज वेगळी.

काउंटरवर विशीतला एक पोरगा रजिस्टर उशाला घेऊन झोपला होता. हाका मारल्यावर तो उठला, पण सगळाच्या सगळा नाही. त्याने आधार कार्डं मागितली. माझं बघितलं, सांगली. आईचं बघितलं, सांगली. बायकोचं बघितलं आणि उरलेलासुद्धा जागा झाला.

"सर, ये तो डोंबिवली है."

"माहेरचा पत्ता आहे."

"नाव पण वेगळंय."

"नावही माहेरचंच आहे. बदललेलं नाही."

तेवढ्यात मागच्या सोफ्यावरून आवाज आला, "लोत्तल आय्ती नाई त्यालत."

वळून बघितलं. साठीचे एक गृहस्थ. जाळीची बनियन, पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट, मांडीवर पेपर आणि तोंडात फेसासकट ब्रश. आपलं बोलणं कोणालाच कळलेलं नाही हे बघून त्यांनी ब्रश बाहेर काढला, हनुवटीवरचा फेस खांद्यावरच्या टॉवेलला पुसला आणि निकाल दिला, "लोकल आयडी चालत नाही." ब्रश परत आत.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

ब्रश बाहेर. "म्हणजे असं बघा, ज्याचं घर इथेच आहे तो लॉजवर कशाला येईल?"

"घर पाडलंय हो."

"कोणी?"

"बिल्डरने."

"पण पत्ता तर छापलाय."

"पत्ता आहे. त्या पत्त्यावर सध्या खड्डा आहे."

यावर त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. मला वाटलं, सुटलो. पण त्यांनी बायकोचं कार्ड पोराच्या हातातून घेतलं, हातभर लांब धरलं आणि फोटो नि बायको, बायको नि फोटो असं ताडून बघायला सुरुवात केली. आधारवरचा फोटो खुद्द त्या माणसाशी जुळतो असं भारतात अजून घडलेलं नाही. त्यातून बायकोने अख्खी रात्र साइड अप्परवर, धाकट्याची लाथ पोटात घेऊन काढलेली. "ह्या वाटत नाहीत," ते म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे जे बघितलं, ते मी लग्नापासून आजवर फक्त स्वतःकडे बघितलं जाताना अनुभवलं आहे. खरं तर तेवढा पुरावा पुरायला हवा होता.

मग ते पोरांकडे वळले. गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि धाकट्याला लाडाने विचारलं, "बाळ, ही तुझी कोण?" पहाटेच्या अंधारात तोंडाला फेस आलेला माणूस बघून धाकटा आईच्या ओढणीत शिरला. थोरली पुढे होऊन खणखणीत आवाजात म्हणाली, "आम्ही अनोळखी माणसांना काही सांगत नाही." हे आम्हीच तिला शिकवलेलं. पोराने माझ्याकडे संशयाने बघत मालकाला फोन लावला. मालक उचलेनात.

इतका वेळ आई बॅगेवर बसून गुडघे दाबत होती. ती तिथूनच म्हणाली, "अहो, सासू आणि दोन पोरं बरोबर घेऊन कोण पळून येतं का?"

सन्नाटा. बनियनवाल्यांनी या मुद्द्याचा सर्व बाजूंनी विचार केला. "पॉइंट आहे," म्हणाले. पोराने रजिस्टर उघडलं.

तेव्हा कुठे मला सुचलं. "तुम्ही इथले मालक का?"

"छे छे. दोनशे चारमध्ये असतो. आमचीपण बिल्डिंग पाडलीय ना, मागच्याच गल्लीत. मुलाकडे जागा नाही, म्हणून."

"मग तुमचा आयडी लोकलच असेल की!"

त्यांनी ब्रश तोंडात घातला आणि पेपर वाचू लागले.

पोराला मी नंतर विचारलं, हा नियम लिहिलाय कुठे? तर म्हणे, पोलीस विचारतात. पोलिसांनी नाव-पत्ता विचारावा, रजिस्टर तपासावं, कोण नाही म्हणतंय? पण लग्न न झालेल्यांना खोली देऊ नका असा कायदा या देशात नाही, आणि गावातल्या माणसाला गावात खोली देऊ नका असाही नाही. तरी स्टेशनाशेजारचा प्रत्येक काउंटर न्यायाधीश होऊन बसलाय. ज्याच्या घरी रंगकाम निघालंय, जिला आज घरी जायचंच नाहीये, ज्याचं घर बिल्डरने पाडलंय, त्याने आपल्याच गावात एक रात्र काढायची कुठे? फलाटावर? कल्याणला रेल्वे 1854 साली आली. कसाऱ्याकडचे आणि कर्जतकडचे, दोन्ही फाटे इथे मिळतात, निम्मा महाराष्ट्र पहाटे इथे बॅगा घेऊन उतरतो. आणि त्या निम्म्या महाराष्ट्राला सांगितलं जातं की चेक-इन दुपारी बाराला. आत्ता पाहिजे तर हाफ डेचे 900 वेगळे. दिले.

फॅमिली रूमबद्दल फार बोलत नाही. फक्त बाथरूमचं सांगतो. त्याच्या दाराला आतून कडी नव्हती, म्हणून बादली भरून दाराला टेकवायची. बादली भरलेली असेल तरच दार बंद राहायचं, आणि आंघोळ करायची तर बादली रिकामी व्हायची. त्यामुळे प्रत्येकाच्या आंघोळीचा उत्तरार्ध घाईत आणि "मी आत आहे, मी आत आहे" असं ओरडत झाला.

लग्न चांगलं झालं. मठ्ठा उत्तम होता.

रविवारी रात्री निघताना बिल हातात आलं. जीएसटी 12 टक्के. मी म्हटलं, अरे, 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला 5 टक्केच झालाय. पोरगा शांतपणे म्हणाला, "ते आमच्याकडे अजून आलं नाही." त्याखाली आणखी एक ओळ होती, एक्स्ट्रा पर्सन, 500 रुपये दर दिवसाला.

"हे एक्स्ट्रा कोण?"

"सर, फॅमिली म्हणजे दोन मोठे, दोन लहान. आजी एक्स्ट्रा."

"गादी तर दिली नाहीस. माझी आई पलंगावर झोपली आणि मी खाली सतरंजीवर."

"गादीचा नाही सर, पर्सनचा चार्ज आहे."

मला खरंच संताप आला. ज्या बाईच्या एका वाक्यावर आम्ही फॅमिली ठरलो, तीच फॅमिलीच्या बाहेर! मी मालकाला बोलव म्हणालो, आवाज चढवला. मालक फोन उचलेनात. गाडीची वेळ होत आलेली. बायकोने पैसे भरून टाकले.

आई मात्र काहीच बोलली नाही. "आलेच," म्हणून ती खोलीत परत गेली आणि साबणाच्या चारही वड्या, शाम्पूच्या पुड्या, गुंडाळीसकट टॉयलेट पेपर आणि एक टॉवेल पिशवीत भरून बाहेर आली. पोराने तोंड उघडलं.

"एक्स्ट्राचे भरलेत," आई म्हणाली आणि जिना उतरायला लागली.