रक्त थांबत नाही, त्याला हेपॅरिन कशाला?

नमस्कार दादा,

भावाच्या डायलिसिससाठी हातात फिस्टुला केला, म्हणजे धमनीला शीर जोडली, त्याबद्दल मी लिहिलं होतं. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, असलेल्या माणसाची धमनी उघडायची आणि वर त्याला हेपॅरिन, म्हणजे रक्त न गोठण्याचं औषध, द्यायचं, असं लिहून मी लोकांच्या जिवाशी खेळते, असं तुमचं म्हणणं. तुमचा भाचा दात काढल्यावर रक्त न थांबून गेला, हेही तुम्ही लिहिलंत. वाचून हात थांबले माझे. तुमचा राग रास्त आहे.

आधी हेपॅरिनचं सांगते. धमनीला शीर जोडताना डॉक्टर चिमटे लावून रक्त अडवतात, आणि अडलेलं रक्त गोठतं. भावाचं कसं गोठेल? फॅक्टर दिलाय म्हणून, म्हणजे रक्त गोठवणारं जे प्रथिन त्याच्यात कमी आहे ते. आठवा फॅक्टर किलोमागे एक युनिट दिला की रक्तातली पातळी साधारण 2 टक्क्यांनी वाढते. भावाची पातळी 1 टक्क्याहून कमी, वजन 60 किलो. शंभर टक्क्यांपर्यंत न्यायला 3000 युनिट लागले, म्हणजे 500 च्या सहा बाटल्या. त्या शिरेतून गेल्यावर काही तास त्याचं रक्त तुमच्या-माझ्यासारखंच. मग गुठळीही तशीच होणार. त्या बारीक जोडात ती अडकली की फिस्टुला बंद. म्हणून बेताचं हेपॅरिन, तेही पातळी तपासून.

खरी भीती नंतरची. 8 ते 12 तासांत फॅक्टर निम्म्यावर येतो. रात्री दोन वाजता सिस्टर बाटली तळहातांत हळूहळू फिरवत भुकटी विरघळवायच्या. झटकली तर फेस होतो. मी घड्याळाकडे बघत बसायची. जखम भरेपर्यंत हे चालतं. दात काढल्यावरही रक्त पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुटतं, तेव्हा माणूस घरी असतो.

तालुक्याला फॅक्टर कुठून आणायचा, हा तुमचा प्रश्न मला खोडता येत नाही. ऑपरेशनच्या पहिल्या ठरलेल्या तारखेला आम्ही जिंतूरहून एसटीने संभाजीनगरला गेलो, तर फ्रीजमध्ये चारच बाटल्या. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं. तेव्हा मी त्यांच्याशी भांडले; आज वाटतं, तेच बरोबर होते. पुढच्या सगळ्या दिवसांचा साठा हाताशी असल्याशिवाय ठरवून करायचं ऑपरेशन करूच नये.

एक चूक मात्र माझी. इनहिबिटरबद्दल मी लिहिलंच नाही. काहींचं शरीर फॅक्टरविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं, तेच हे इनहिबिटर. मग पुष्कळदा कितीही बाटल्या दिल्या तरी रक्त थांबत नाही, वेगळी औषधं लागतात. ऑपरेशनआधी ही तपासणी हवीच. मूळ लेखात आज भर घातली आहे.

तुम्ही भाच्याच्या धाकट्या भावाचा उल्लेख केलात. त्याची फॅक्टरची तपासणी झाली आहे का? आणि ताईंची? हा आजार बहुधा आईकडून येतो, आणि वाहक बाईचाही फॅक्टर कमी असू शकतो. झाली नसेल तर त्याचा दात, सुंता, टाका, काहीही करण्याआधी करून घ्या. आणि मला कळवा, वाट बघते.