बिनतारी संगीताची कटकट

खिशातल्या म्युझिक प्लेअरला बिनतारी करण्याचा खटाटोप इतक्या वर्षांनंतरही सुटसुटीत होत नाही, याचा आता खरोखर वैताग आला आहे. मायक्रोसॉफ्टने 2006 साली झून या आपल्या म्युझिक प्लेअरमध्ये वायफाय दिले खरे, पण त्यावरून मित्राला पाठवलेले गाणे तीन दिवसांत फार तर तीनदा ऐकता येई. आयपॉड क्लासिकला तर 2014 मध्ये विक्री थांबेपर्यंत ब्लूटूथ मिळालेच नाही. मग आमच्यासारख्यांनी हेडफोनच्या भोकात ब्लूटूथ ट्रान्समीटर खुपसायचा, दोन-दोन चार्जिंग सांभाळायची आणि त्याचा निळा दिवा लुकलुकत असताना तो आपल्या इअरफोनशी जोडला जातो की शेजाऱ्यांच्या स्पीकरशी, हे बघत बसायचे, कारण त्या डबीला पडदाच नसल्यामुळे तिला काही सांगण्याची सोय नसते. शिवाय डिजिटल गाण्याचे ॲनालॉग, त्याचे पुन्हा डिजिटल, अशा कोलांटउड्यांत तंबोऱ्याची आस कुठे हरवते कोण जाणे! वायफायवाला नवा प्लेअर घ्यावा, तर तो बहुधा अँड्रॉइडवर चालणारा, म्हणजे गाणे लागण्याआधी अपडेट, लॉगिन आणि पासवर्ड आलेच. एवढे सगळे करायला फोन होताच की!