‘एकदाच मारतो तरी छाती आली’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, कमेंट दोनदा वाचली, पहिल्यांदा वाचून जरा डोकं फिरलं होतं, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं असं की जिममध्ये छाती, पाठ असा एकेक बॉडीपार्ट आठवड्यातून एकदाच मारणं म्हणजे वेळ वाया असं मी मागच्या लेखात लिहिलं, आणि तुम्ही आठ वर्षं सोमवारी चेस्टचे सोळा सेट (सेट म्हणजे न थांबता मारलेला एक राउंड), मंगळवारी बॅक असंच करताय तरी बॉडी आली, मग रिसर्च गेला उडत. वर तालमीतले पैलवान रोज बैठका मारतात, त्यांचं काय?

‘वेळ वाया’ हे चुकलंच माझं. व्यायामावर रिसर्च करणाऱ्या शोनफेल्ड आणि मंडळींचा 2016 चा पेपर डोक्यात होता, त्यात जुने अभ्यास एकत्र करून दोनदा हे एकदापेक्षा बरं असं निघालेलं. पण त्याच लोकांनी 2019 ला जास्त अभ्यास घेऊन परत बघितलं, तर आठवड्याचे एकूण सेट सारखे ठेवले की मसल वाढण्यात फारसा फरक उरतच नाही. हे मी लेखात टाकायलाच हवं होतं. म्हणजे तुमची छाती आली ती सोमवारमुळे नाही, त्या सोळा सेटमुळे आली.

आता त्या सोळातले शेवटचे पाच-सहा सेट कसे जातात ते खरं सांगा. माझे तर फ्लायला (डंबेलचा छातीचा व्यायाम, माझा शेवटचा) येईपर्यंत हातात डंबेलपेक्षा मोबाईल जास्त असायचा. तेच सोमवारी आठ, गुरुवारी आठ केले की शेवटच्या सेटलाही वजन टिकतं, आणि एखाद्या सोमवारी कुणाचं लग्न निघालं तर छातीला थेट चौदा दिवसांची सुट्टी पडत नाही. बाकी सोमवारी बेंच रिकामा मिळतो कुठे म्हणा.

1995 चा मॅकडूगलचा एक अभ्यास आहे, सहाच मुलं होती त्यात, म्हणून फार ताणू नये, पण बायसेप्सच्या जड व्यायामानंतर मसलमध्ये प्रोटीन बनायचा वेग 24 तासांनी दुपटीच्या वर आणि 36 तासांनी जवळजवळ मूळ पदावर. मी दोनदाच्या बाजूचा झालो तो हे वाचूनच.

ताकदीचं गणित थोडं वेगळं, कारण जड स्क्वॉट ही सवयीची पण गोष्ट आहे, हात बसावा लागतो. माझा बेंच प्रेस 80 किलोला वर्षभर अडकलेला, तेवढेच सेट तीन दिवसांत वाटले, त्यात एक दिवस हलका ठेवला, तेव्हा हलला. पण म्हणून रोज मारा असं नाही हां. 2018 मध्ये कोल्क्हून या रिसर्चरच्या टीमने तीन दिवस विरुद्ध सहा दिवस असं सहा आठवडे करून बघितलं, काम तेवढंच ठेवून, दोघांची ताकद सारखीच वाढली.

पैलवानांच्या बैठका स्वतःच्या वजनावर असतात, शेकड्याने, त्यात दम जास्त लागतो, खांद्यावर दीडशे किलो घेऊन कुणी रोज मॅक्स (एकदाच उचलता येईल एवढं वजन) काढत नाही. तसं करवून घेणारा बल्गेरियाचा वेटलिफ्टिंग कोच अबाजिएव होता, मेडलंही खूप आली, पण त्याच्या पोरांना दुसरं कामच नव्हतं आणि 1988 ला सोल ऑलिंपिकमधून ती टीम डोपिंगपायी अर्ध्यातून घरी गेली. आपल्याला सकाळी नऊला ऑफिस आहे.

तर सेट वाढवू नका, फक्त सोळाचे आठ-आठ करून आठ आठवडे बघा आणि इथेच येऊन सांगा. काही नाही झालं तर शिव्या घाला, डिलीट करणार नाही.

आणि हो, वारांची एवढी यादी दिलीत, त्यात लेग डे कुठे दिसला नाही.