बारा अक्षरांची दुर्बीण

मामाजींच्या छातीत जळजळ होते, याचा दोष घरात कोणी ठेच्याला देई, कोणी खर्ऱ्याला. शेवटी यवतमाळच्या डॉक्टरांनी दुर्बीण टाकायला सांगितली. दुर्बीण म्हटलं की आमच्या इकडे लहान पोरालाही समजतं. उपाशी जायचं, घसा सुन्न करणारा फवारा मारून घ्यायचा, डाव्या कुशीवर पडायचं आणि नळी गिळायची. तेवढ्यावर भागलं असतं. पण साळ्याने भर ओसरीवर कागद माझ्या हाती दिला. जावई शिकलेला ना!

इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडिनॉस्कोपी.

‘इसोफॅगो’ कसंबसं ओलांडलं, ‘गॅस्ट्रो’ खणखणीत निघालं आणि पुढे दम संपला. ओसरीने नेमकं तेवढंच ऐकलं. संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर बातमी होती की मामाजींना गॅस्ट्रो झाला. आशाताई ओआरएसची पाकिटं घेऊन आल्या, जुलाब किती झाले विचारू लागल्या. ग्रामपंचायतीच्या माणसाने विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकली ती अशी सढळ हाताने, की दुसऱ्या दिवशी चहालाही वास.

मग रात्री सगळ्यांना बसवून शब्द सोडवला. इसोफॅगो म्हणजे अन्ननलिका. गॅस्ट्रो म्हणजे नुसतं जठर, त्यात जुलाब नाहीत. ड्युओडिनो हा लहान आतड्याचा पहिला तुकडा, आणि स्कोपी म्हणजे आत डोकावणं. म्हणजे नावात नळीचा अख्खा रस्ताच आहे, एसटीच्या पाटीसारखा. म्हणताना जोर ‘नॉस’वर द्यायचा.

“मंग चिठ्ठीवर ओजीडी काऊन लिवलं? हे त ‘इ’पासून हाय,” साळा म्हणाला. अन्ननलिकेच्या ब्रिटिश स्पेलिंगात पुढे एक मुका ‘ओ’ असतो, हे सांगितल्यावर तो माझ्याकडे असा पाहू लागला, जणू तो ‘ओ’ मीच घुसवला.

अक्षरं मोजली तर बरोबर बारा. त्यात गंमत अशी, की ड्युओडिनमच्या नावातही बाराच आहेत. ख्रिस्तपूर्व ३००च्या सुमारास अलेक्झांड्रियात हिरोफिलस नावाच्या ग्रीक वैद्याने या आतड्याची लांबी बारा बोटं धरली, त्यावरून ते नाव पडलं.

मामाजी इतका वेळ खाटेवर गप्प होते. त्यांनी बनियन वर केलं, दोन्ही पंजे पोटावर आडवे ठेवले आणि मला जवळ बोलावलं.

“जवाईबापू, माह्यी त दहाच भरली. तुमची दोन द्या बरं.”