पोरांकडे पापी मागणाऱ्या समस्त मामा-काकांसाठी

आधीच सांगतो, ही पोस्ट वाचून आमच्याच घरातले दोनचार जण रुसणार आहेत, रुसू देत. गणपतीत चाकरमान्यांची पोरं कुडाळ-कणकवलीला उतरून घरी पोचली की एक कार्यक्रम ठरलेला असतो. पोरगं अजून प्रवासाच्या झोपेतून नीट जागं पण झालेलं नसतं, हातात अर्धं संपलेलं चिप्सचं पाकीट, आणि पडवीतच कोणीतरी त्याला धरतं, "दे बघू मामाला पापी!" पोर मागे सरकतं, आईच्या ओढणीत तोंड खुपसतं, मग आईच म्हणते, दे ना रे, असं काय करतो, मामा आहे ना तुझा. शेवटी ते गाल पुढे करतं, मामाची दाढी टोचते, आणि सुटल्या सुटल्या ते मनगटाने खसाखसा गाल पुसतं. सगळे हसतात. अरे पण त्याने गाल पुसला ना, तेच तर त्याचं उत्तर होतं!

माझं म्हणणं काय आहे, पापी एकतर्फी होऊ शकते, मिठी नाही होऊ शकत. समोरच्याने हात वर केलेच नाहीत तर पडवीतल्या खांबाला कवटाळल्यासारखं होतं आणि ते आपल्याला तिथल्या तिथे कळतं, मग आपण गुपचूप बाजूला होतो. पापी घेताना हे कळायची सोयच नाही, आणि कळलं तरी आपण त्याला 'लाजतो हो' म्हणून मोकळे होतो.

तान्ह्या बाळांचं तर वेगळंच. तापानंतर ओठावर पाण्याचे फोड येतात बघा, तो हर्पिसचा व्हायरस, एकदा अंगात शिरला की कायमचा राहतो आणि फोड दिसत नसताना पण पसरू शकतो. आपल्याला त्याचं काही नाही, पण नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या मेंदूपर्यंत तो गेला तर जिवावर बेततं. म्हणून डॉक्टर सांगतात बाळाचे मुके घेऊ नका. आणि आमच्याकडे बारशाला पाळण्याभोवती रांग लागते, वर बाळाची आई काही बोलली की 'आजकालच्या मुली'!

गंमत म्हणजे जुन्या बायकांना हे न शिकता जमायचं. आमची आजी पोराच्या हनुवटीला बोटं लावायची आणि ती बोटं स्वतःच्या ओठाला टेकवायची, नाहीतर दोन्ही हात गालावरून फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकड बोटं मोडायची. सुपारी-चुन्याचा वास असलेले खरखरीत हात, पण तोंड कधी पोराच्या तोंडाजवळ न्यायची नाही. त्यात माया कमी होती असं कोणी म्हणून दाखवावं.

बरं, चुंबन म्हणजे जगभरची प्रेमाची भाषा वगैरे म्हणतात ते पण तितकंसं खरं नाही. 2015 मध्ये काही मानववंश अभ्यासकांनी 168 समाजांची माहिती तपासली, त्यातल्या 77 मध्येच, म्हणजे निम्म्याहून कमी ठिकाणी, प्रेमिकांच्या ओठांच्या चुंबनाची पद्धत सापडली. नवराबायकोचं त्यांचं त्यांनी बघावं, तो माझा विषय नाही.

आता कोणीतरी येणारच, मिठ्या मारणं आपल्यात नाही, हे सगळं सिरियलमधून आलंय म्हणून. अहो कधी सप्ताहाला गेलात का? काल्याच्या दिवशी माळकरी एकमेकांना बुक्का लावतात, एकमेकांच्या पाया पडतात आणि उराउरी भेटतात, त्यात वय नाही, पैसा नाही. रत्नागिरीत कॉलेजला असताना ईदला मित्राच्या घरी जायचो, त्याचे वडील, काका, शेजारी सगळे गळाभेट घ्यायचे, दुसऱ्या दिवशीपर्यंत शर्टाला अत्तराचा वास. पहिल्यांदा मी आपला शेकहँडसाठी हात पुढे करून उभा. कारण आमच्या घरात बाप मुलाला मिठी मारतो हे मी बघितलंच नव्हतं. पोरगा पाचवी-सहावीत गेला की बापाचा हात फक्त पाठीवर पडतो, तोही कधी शाबासकीचा, कधी दुसऱ्या कारणाने. मुंबईला निघालेला पोरगा गाडीच्या दारात उभा, खाली बाप, आणि बोलणं काय तर 'बॅग नीट ठेव', 'डबा खा'.

अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, चारशेच्या वर माणसांना आधी रोज विचारलं की आज भांडण झालं का, कोणी मिठी मारली का, मग त्यांना मुद्दाम सर्दीच्या व्हायरसला सामोरं नेलं. भांडणं चालू असूनही ज्यांना मिठ्या जास्त मिळत होत्या त्यांना सर्दी होण्याचं प्रमाण तितकं वाढलं नाही. एका प्रयोगावरून मिठीला काढा म्हणायला मी तयार नाही, पण शरीराला काहीतरी कळतं एवढं तरी मानायला हवं.

आणि म्हातारी माणसं. यांची पापी कोणी मागत नाही, यांना मिठी कोणी मारत नाही, यांच्या वाट्याला फक्त वाकून नमस्कार, तोही सुनांकडून घाईत, एका हाताने. नवरा जाऊन वर्षं झालेल्या बाईला वर्षभरात कोण हात लावतं सांगा, फक्त डॉक्टर! गेल्या चतुर्थीला आमच्या वेंगुर्ल्याच्या आत्तेला मी नमस्कार झाल्यावर सरळ मिठी मारली. "सोड मेल्या, घामान भिजलंय मी," म्हणाली, आणि मग ताट वाढताना सगळ्यांच्या देखत माझ्या पानात एक मोदक जास्तीचा, चुलतभावाने विचारलं तर त्याला म्हणते, तुका व्हयो तर तू पण ये!

तर यंदा पोरांना विचारा तरी, मिठी की टाळी? माझी भाची टाळीच देते, आणि ती पण मूड असेल तर. परवा तिच्या मनात आलं तेव्हा तिने आपणहून येऊन गालावर चिकट, आंब्याच्या रसाची पापी दिली. तसली आली तर मात्र पुसू नये.