हात लावीन तिथे रेघ

जिल्हा परिषदेच्या शाळेत बोटाने चालणारा इंटरॅक्टिव्ह फळा आला की दोन गोष्टी ओघानेच येतात. एक, उद्घाटनाचा नारळ. दोन, "पुढच्या शिक्षण परिषदेत आमच्या मॅडम यावर प्रभावी सादरीकरण करतील," असा मुख्याध्यापकांनी केंद्रप्रमुखांना परस्पर दिलेला शब्द. नारळ पायरीवर फुटतो, खापर माझ्या डोक्यावर.

आमच्या फळ्याच्या चौकटीत अवरक्त किरणांचं जाळं आहे. डोळ्यांना न दिसणारे हे किरण आडवे-उभे जात असतात. मध्ये काही आडवं आलं की फळा समजतो, बोट टेकलं. काय आडवं आलं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. बोट, खडू, माशी, पाल, सगळी त्याला सारखीच. एवढी समदृष्टी संतांना साधली होती, त्यानंतर थेट आमच्या फळ्याला. अपूर्णांक दाखवायला मी फळ्यावर तीन-चतुर्थांश भाकरी रंगवून शिक्षकांकडे वळले, की पदराचं टोक चौकटीत शिरतं आणि भाकरीच्या पोटातून हिरवीगार रेघ जाते. इंटरॅक्टिव्ह फळा १९९१ साली कॅनडातल्या एका कंपनीने बाजारात आणला. तिथल्या लोकांनी बाकी सगळा विचार केला असेल. नऊवारी सोडा, पाचवारीचाही केलेला दिसत नाही. हल्ली मी पदर खोचूनच उभी राहते. त्यामुळे सादरीकरण सुरू व्हायच्या आधीच लोकांना वाटतं, बाई भांडायला आल्यात.

त्यात ते कॅलिब्रेशन. फळ्यावर एकेक फुली उमटते, तिच्या बरोब्बर मध्यावर पेन टेकवायचं, मग पुढची. सगळ्या फुल्या झाल्या की फळ्याला कळतं, प्रोजेक्टरचं चित्र नेमकं कुठे पडलंय. यानंतर प्रोजेक्टर तसूभरही हलता कामा नये. आमचा प्रोजेक्टर छताला टांगलाय, शेजारी पंखा आहे आणि वरच्या मजल्यावर पाचवीचा वर्ग. मधली सुट्टी झाली की मी लिहिते इथे आणि अक्षर उमटतं चार बोटं पलीकडे. "मॅडम, मग तुम्हीच चार बोटं अलीकडे लिहा ना," असा तोडगा एका सरांनी काढला. लिहिलं. आता अक्षर जागेवर आलं, पण माझ्या सावलीत.

चित्र दिसावं म्हणून खिडक्या बंद, प्रोजेक्टर हलू नये म्हणून पंखा बंद, महिना मार्च, आणि लोक नुकतेच मसालेभात-जिलबी जेवून आलेले. या परिस्थितीत अपूर्णांक प्रभावी करून दाखवायचे.

फळा अडकला की मात्र सभागृहाला जाग येते. तोवर मान टाकून बसलेले गुरुजी खडबडून उठतात. "वायर काढून परत लावा." "रिस्टार्ट मारा." "आमच्याकडचा पण असाच करायचा, आम्ही लावणंच सोडलं." एक विस्तार अधिकारी तर स्वतः पुढे आले आणि खिशातल्या मार्करने फळ्यावर भली मोठी 'चाचणी' लिहून गेले. मार्कर परमनंट होता. अशा वेळी साहेबांना काही बोलायचं नसतं. त्याच अक्षरांवरून व्हाइटबोर्डचा साधा मार्कर गिरवायचा आणि ओलं असतानाच पुसायचं, दोन्ही निघून जातात. साहेबांचं अक्षर गिरवताना ते कौतुकाने बघत होते.

शेवटी आठवीतल्या एका पोराला बोलावलं. त्याने कोणताही सल्ला दिला नाही. ओलसर फडकं घेतलं, पिळून पिळून जवळजवळ कोरडं केलं आणि चौकटीच्या खाचेतून हळूच फिरवलं. फडक्यावर पांढरी लांब पट्टी उमटली, शेजारच्या काळ्या फळ्यावरून उडालेली खडूची पूड. तीच किरणांच्या वाटेत बसली होती. फळा सुरू झाला. पोराने जाता जाता भाकरीचा एक तुकडा बोटाने उचलून ताटाबाहेर ठेवला आणि म्हणाला, "बाई, हा पाव." पावभाकरीचा हा भाग माझ्या तयारीत नव्हता, पण सगळ्या दुपारीत एवढीच गोष्ट कुणीतरी लक्ष देऊन बघितली.

माझं मत विचाराल तर हा फळा मुलांच्या हातात द्यावा आणि आपण लांब उभं राहावं. मोठ्यांपुढे सादरीकरण करायचंच असेल तर स्लाइड शो चालू असताना कळफलकावरचं इंग्रजी बी दाबावं. पडदा काळा होतो आणि लोकांना नाइलाजाने बोलणाऱ्याकडे बघावं लागतं. मी दाबलं. कुणीतरी लगेच ओरडलं, "लाइट गेली, चला!"

कसंबसं आवरून मी रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही शंका?" मागच्या बाकावरून एकच हात वर आला.

"मॅडम, हा फळा कुठल्या निधीच्या हेडमधून घेतला?"

"लोकवर्गणीतून," मी म्हटलं.

दुपारभरात पहिल्यांदाच सगळ्यांनी वह्या उघडल्या.